कॉन्ट्रा आता का जमत नाही? आधी घड्याळ तपासा, मग बोटं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचं वय त्रेचाळीस. सहावी-सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या चुलतभावाबरोबर टीव्ही गेमवर कॉन्ट्रा "रोज पूर्ण करायचो" असं ते लिहितात. आता मुलाला दाखवायला म्हणून लॅपटॉपवर लावला, एचडीएमआयची वायर मोठ्या टीव्हीला जोडली आणि पहिल्याच स्टेजला तिन्ही लाइफ गेल्या. पंधरा दिवस झाले, तिसऱ्या स्टेजच्या धबधब्यापुढे गाडी सरकत नाही. मुलगा हसतो. "वयामुळे हात मंदावले, की हा गेम पहिल्यापासूनच एवढा अवघड होता?"

मी बावीस वर्षं जुने टीव्ही गेम दुरुस्त करतोय, आणि चाळिशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकांकडून हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: वयाचा नंबर पाचवा लागतो. आधीची चार कारणं यंत्रातली आहेत, आणि त्यातलं पहिलं ऐकून बहुतेक जण खुर्चीत सरळ होऊन बसतात.

तुम्ही लहानपणी जो कॉन्ट्रा खेळलात तो हळू चालत होता.

ही थट्टा नाही. मूळ यंत्र म्हणजे निन्टेंडोचा फॅमिकॉम, जपानमध्ये १९८३ साली आलेला. तिथल्या आणि अमेरिकेतल्या टीव्हीची पद्धत वेगळी होती, पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं. आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला पन्नास. आपल्या घरात जे डबे आले ते फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि आपल्या टीव्हीवर चालावेत म्हणून पन्नासवर बसवलेले होते. आता कॉन्ट्रासारख्या गेममध्ये सगळा हिशोब चित्रांवर चालतो: दर चित्राला गोळी इतकी पुढे, सैनिक इतका पुढे. समजा समोरून सुटलेली गोळी तुमच्यापर्यंत यायला तीस चित्रं लागतात. पन्नासच्या यंत्रावर ते होतात ६०० मिलिसेकंद, साठच्या यंत्रावर ५००. लॅपटॉपवरचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, काही न सांगता तुम्हाला साठवर बसवतो. म्हणजे तीस वर्षांनी तुम्ही परत आलात आणि सगळी पलटण वीस टक्क्यांनी जोरात धावायला लागलेली.

तुम्हाला हे जाणवलं नाही, कारण गाणं ओळखीचं वाटलं. त्यात एक गंमत आहे. युरोपातल्या अस्सल पाल यंत्रात प्रोसेसरच हळू होता, त्यामुळे गाण्याचा सूरसुद्धा उतरायचा. आपल्याकडच्या नकली यंत्रांत प्रोसेसर जवळजवळ जपानीइतकाच वेगवान, १.७९ ऐवजी १.७७ मेगाहर्ट्झ. म्हणून सूर तोच, फक्त लय संथ. तबलजीने ठेका उतरवावा आणि पेटीवाल्याने पट्टी सोडू नये, तसं. कान सुराला पकडतो, लयीतला फरक त्याला सांगावा लागतो. आता एकदा पहिल्या स्टेजचं संगीत दोन्ही वेगांत लावून बघा. जलद असेल ते तुम्हाला "घाईचं" वाटेल. तुमचं लहानपण संथ लयीतलं आहे.

याची दुरुस्ती फुकट आहे. मेसेन किंवा एफसीईयूएक्स, दोन्ही एम्युलेटरमध्ये प्रदेश निवडायची सोय आहे, आणि त्यात एनटीएससी (जपान-अमेरिकेची ती साठची पद्धत) आणि पाल यांच्याशिवाय "डेंडी" असा तिसरा पर्याय असतो. डेंडी हे रशियात गाजलेल्या अशाच एका नकली यंत्राचं नाव. आपले डबे त्याच कुळातले. पाल निवडू नका, डेंडी निवडा. आणि टीव्हीला जोडलेलाच आहे तर लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन त्या टीव्हीला ५० हर्ट्झवर आणा, नाहीतर पन्नास चित्रं साठच्या पडद्यावर बसवताना हालचाल अडखळत दिसते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या टीव्हीत ५० हर्ट्झ सहसा असतंच.

आता दुसरं कारण, म्हणजे तो मोठा टीव्हीच. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही बिचारा आलेला सिग्नल जसाच्या तसा काचेवर मारायचा. तुमचा नवा टीव्ही प्रत्येक चित्र आधी स्वतःपाशी ठेवून घेतो, मोठं करतो, रंग खुलवतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. या सजावटीत शंभर मिलिसेकंदसुद्धा जाऊ शकतात. माणसाला डोळ्यांनी बघून बोट दाबायला साधारण दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. त्यात वरचे शंभर टीव्हीने खाल्ले, तर तुम्ही उडी मारायला उशीर करत नाही आहात, तुम्हाला गोळीच उशिरा दिसते. टीव्हीत "गेम मोड" शोधा आणि चालू करा. तो नसेल तर चित्र सुधारण्याच्या नावाखाली जे जे काही चालू आहे ते सगळं बंद करा. ब्लूटूथचा कंट्रोलर असेल तर वायरचा आणा. मी या चारही गोष्टी गिऱ्हाइकासमोर करून दाखवतो, आणि तो काही न शिकता पहिली स्टेज पार करतो. चेहरा बघण्यासारखा असतो.

(कोणी म्हणेल, मग माळ्यावरचा जुना डबाच काढून नव्या टीव्हीला लावला तर? लावा, पण पिवळ्या-लाल वायरीतून येणारं ते जुनं चित्र नव्या टीव्हीला नीट उमगत नाही. तो त्याला दुसऱ्याच प्रकारचा सिग्नल समजून ओळी जोडत बसतो, आणि वेळ आणखी खातो. जुन्या डब्याला जुनाच टीव्ही. भंगारवाल्याकडे सांगून ठेवलं तर अजून मिळतो.)

तिसरं कारण हातात आहे. तुम्ही लिहिलंय की कीबोर्डवर खेळता. कॉन्ट्रा कीबोर्डवर खेळणं म्हणजे हातमोजे घालून पुरणपोळी लाटणं. साध्या कीबोर्डवर तीन-चार बटणं एकदम दाबली की एखादं गिळलं जातं: तिरकं धावत, गोळी मारत, उडी घ्यायची म्हणजे चार बोटं झाली. गेम म्हणेल उडी मारलीच नाही, तुम्ही म्हणाल मारली होती, आणि दोघंही खरे.

आणि टर्बो विसरलात का? आपल्या डब्यांच्या रिमोटवर मूळ दोन बटणांच्या वर आणखी दोन असायची, दाबून धरली की धडाधड सुटणारी. फॅमिकॉमच्या मूळ साध्या रिमोटवर ती नव्हती. कॉन्ट्रात बंदुका अक्षरांनी ओळखायच्या, त्यातली फक्त एम बटण दाबून धरल्यावर आपोआप चालते. एस, म्हणजे पाच गोळ्या पंख्यासारख्या फेकणारी, तिला प्रत्येक वेळी बटण मारावं लागतं. एस आणि टर्बो एकत्र आले की समोर काही टिकत नाही. लहानपणीची तुमची अर्धी मर्दुमकी त्या बटणाची होती, माझीही. उलट लेझरवर टर्बो लावला तर घात. नवी गोळी सुटली की आधीचा किरण रद्द होतो, म्हणजे टर्बोवर तो बंदुकीच्या तोंडाशीच लुकलुकत राहतो. एल, म्हणजे लेझर, उचलला की भाऊ का ओरडायचे, ते यामुळे.

जुना रिमोट सापडला तर आणा, पण उघडून साफ केल्याशिवाय खेळू नका. मागचे स्क्रू काढले की आत एक रबराची चादर, तिच्या पोटाला काळे कार्बनचे ठिपके. खालच्या हिरव्या पट्टीवर त्या ठिपक्यांसमोर बोटांत बोटं घातल्यासारख्या काळ्या रेघा. तिथे तीस वर्षांचा घाम, कुरमुऱ्यांचं तेल आणि कधीकधी एखादी मुंगी. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए नावाचं द्रावण मिळतं, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुणालाही विचारा. कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, रेघा खरवडून निघतात आणि मग तो रिमोट कायमचा गेला. आणि अधिकचं चिन्ह असलेलं जे बटण आहे, ते उलटं करून त्याच्या मधला टेकू बघा. तो झिजला असेल तर उजवीकडे दाबताना खालचंही दाबलं जातं. कॉन्ट्रात धावताना खाली दाबलं गेलं की बंदूक तिरकी खाली वळते. गडी धावत राहतो, पण गोळ्या तिरक्या खाली जातात, आणि समोरून येणारा सैनिक काही थांबत नाही. असे रिमोट वापरून "मला जमत नाही" म्हणणारे खूप भेटतात.

हो, कॅसेटमध्ये फुंकर मारायची ती सवय सोडा. फुंकरीने काही होत नव्हतं. काढून परत बसवल्यामुळे पट्ट्यांचा संपर्क जुळायचा, आणि श्रेय फुंकरीला जायचं. थुंकीतल्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात, हे मी रोज बघतो.

आता चौथं कारण. हे जरा मन घट्ट करून वाचा. तुमच्या कॅसेटमधला कॉन्ट्रा बहुधा मूळ कॉन्ट्रा नव्हताच.

माझंच सांगतो. मी आठवीत असताना आमच्याकडे पिवळी कॅसेट होती, वर लिहिलेलं ९९९९९९९ इन वन. आत गेम असतील पंधरा-वीस, तेच पुन्हापुन्हा नवी नावं घेऊन यायचे. कॉन्ट्रा त्यात सात-आठ ठिकाणी होता. एका ठिकाणाहून सुरू केला की थेट बर्फाच्या स्टेजमध्ये, दुसरीकडे हातात आधीच एस, तिसरीकडे तीस लाइफ. मी कायम तीस लाइफवाला लावायचो आणि गेम असाच असतो समजायचो. पुढे कामाच्या निमित्ताने अस्सल कॅसेट हाताळली, बटण दाबलं, वर पाहिलं तर मोजून तीन लाइफ. मला वाटलं कॅसेट बिघडलीय. उघडूनसुद्धा बघितली.

तर तुम्ही "रोज पूर्ण करायचो" म्हणता तेव्हा विचारा: कुठून सुरू करून, किती लाइफ घेऊन, आणि शेवटचा बॉस मारला तेव्हा रिमोट कुणाच्या हातात होता? मी नाही म्हणत की केला नसेल. पण भारनियमन, "पिक्चर ट्यूब जाईल, बंद करा आता" आणि सातच्या बातम्या, यातून वाट काढत रोज आठ स्टेज? हिशोब तुमच्याकडे.

इतकं झाल्यावर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देता येतं. हो, गेम अवघड आहेच. कोनामी या जपानी कंपनीने तो १९८७ साली नाण्यावर चालणाऱ्या पार्लरच्या यंत्रासाठी काढला आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रावर आणला. घरचा अख्खा गेम १२८ किलोबाइटचा, तुमच्या मोबाइलमधला एक फोटो याच्या वीसपट मोठा असेल. न मरता खेळलं तर अर्ध्या तासाच्या आत संपतो. अर्ध्या तासाचा गेम महिनाभर पुरवायचा तर एकच उपाय होता: एक गोळी लागली की मेलात, आणि मेलात की बंदूकही गेली. खरी मेख बंदुकीत आहे. एस घेऊन बॉसपर्यंत पोहोचलेला माणूस आणि तिथेच एकदा मरून साध्या बंदुकीने उभा असलेला माणूस, हे दोन वेगळे गेम खेळत असतात. म्हणून जाणते खेळाडू लाइफ मोजत नाहीत, एस जपतात. समोर एल किंवा एफ पडलेला दिसला तर त्यावरून उडी मारून जातात.

पण हा गेम अन्याय करत नाही, हे मी छातीठोक सांगतो. तोफा ठरलेल्या जागी, खड्डे ठरलेल्या जागी, बंदुकांची अक्षरं ठरलेल्या जागी. उडीची उंची कायम तीच, आणि हवेत असताना दिशा बदलता येते. उडीत गडी गोळा होऊन फिरतो, तेव्हा तो आकाराने लहान असतो. पहिल्या स्टेजच्या पाण्यात खाली दाबलं की बुडी मारतो आणि गोळ्या वरून निघून जातात. पाढ्यांसारखं आहे, एकदा पाठ झालं की विचार करावा लागत नाही. चपळाई लागते ती पाठ नसलेल्याला.

धबधब्याचं सांगतो, कारण तुम्ही तिथे अडकलात आणि जवळजवळ सगळे तिथेच अडकतात. पहिल्या स्टेजने तुम्हाला उजवीकडे धावायला शिकवलं. दुसरी स्टेज बोगद्याची, तिथे समोरची भिंत फोडून आत. तिसरीत पडदा वर सरकतो आणि परत खाली येत नाही. म्हणजे आत्ता ज्या दगडावर उभे होतात तो पडद्याखाली गेला की तो उरलाच नाही. तिथे पडलात तर दगड नाही, मरण आहे. तुम्ही पहिल्या स्टेजच्या सवयीने वर वर पळत सुटता, दर उडीला स्वतःच्या पायाखालची जमीन पुसत जाता, आणि वरून दगड आला की मागे सरायला जागा नाही. उपाय एवढाच: एका कठड्यावर पोहोचलात की थांबा. वरच्या तोफेचा नेम कुठे आहे ते बघा, तिरकी गोळी मारून ती संपवा, मग पुढची उडी. सरकत्या दगडावर तो तुमच्याकडे येत असताना उडी घ्या, दूर जात असताना नाही. वरचा बॉस दोन हात हलवणारा राक्षस आहे, त्याच्या तोंडाचा वेध घ्यायचा, हातांशी झुंजत बसायचं नाही. आणि तिथे एस असेल तर जवळ जा. पाचही गोळ्या एकाच जागी लागतात. लांबून मारलं तर दोन लागतात, तीन हवेत.

सराव कसा करावा यावर माझं मत जरा कडक आहे. एम्युलेटरमधलं मागे सरकवायचं बटण, रिवाइंड, काढून टाका. त्याने तुम्ही प्रत्येक उडी एकदाच जमवता आणि काहीच शिकत नाही. स्टेजच्या सुरुवातीला सेव्ह करून ठेवायला माझी ना नाही. तिसरी स्टेज दिवसाला दहा वेळा, बस. अकराव्यांदा बोटं चुकाच पाठ करायला लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उडी काल येत नव्हती ती येते, हे मी स्वतःवर अनेकदा पाहिलंय. वय इथे थोडं आडवं येतं खरं, आपल्याला पाठांतराला पोरांपेक्षा दोन दिवस जास्त लागतात. पण पोरांना थांबायला सांगितलं तर थांबत नाहीत, आणि धबधब्यावर थांबणारा जिंकतो.

फाइल शोधताना "प्रोबोटेक्टर" नावाचा गेम मिळाला तर गोंधळू नका. तोच कॉन्ट्रा आहे, युरोपात १९९० साली माणसांच्या जागी रोबो घालून विकलेला. रीतसर विकत घ्यायचा असेल तर कोनामीने २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्रांचा एकत्र संच काढला, तो पीसीवर आणि तेव्हाच्या कन्सोलवर मिळतो. सेव्ह करता येतं, पण वेग मात्र साठचाच, तो स्वीकारावा लागेल.

राहिला तीस लाइफचा कोड. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, मग स्टार्ट. दोघं असाल तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हा वापरला तर फसवणूक होते का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. हा कोड मुळात कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रेडियस या गेममध्ये घातला होता. पार्लरमधला तो गेम घरच्या यंत्रावर आणताना तपासण्यासाठी खेळावा लागे, आणि त्यांना तो झेपत नव्हता. गेम बनवणाऱ्यालाच लागलेली शिडी आहे ही. खुशाल चढा. तीस लाइफ घेऊन शेवटपर्यंत एकदा जाऊन या म्हणजे पुढे काय आहे ते कळेल, मग तीनवर या.

आणि मुलाला नुसतं बसवून दाखवू नका, सोबत खेळायला घ्या. धबधब्यावर एकाने घाई केली तर खालचा मरतो, म्हणून वर जाणाऱ्याने "चल" म्हटल्याशिवाय दोघांनीही उडी घ्यायची नाही. त्याच्या लाइफ संपल्या तर तो तुमच्यातली एक उसनी घेऊ शकतो, घेऊ द्या. फक्त पहिला रिमोट त्याला द्या. जुन्या डब्याच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट नसायचं, आठवतंय? गेम कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा हे कायम पहिला ठरवायचा. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज आहे की सुट्टीत दुसरा तुमच्याकडेच असायचा.